करवंटीतलं पाणी

"काकी, ही करवंटी आजच उचला. नाहीतर कंपनी सगळी यंत्रं परत नेईल," देखभालीला आलेला मिहीर म्हणाला. करवंटीतल्या पाण्यात दोन यंत्रमाश्या बुडून बंद पडल्या होत्या.

द्वारका गवस यांच्या पोफळीच्या बागेत वेलची फुलली होती. यंत्रमाश्या फिरल्या नाहीत, तर एकाही फुलाला बोंड धरणार नव्हतं. खऱ्या मधमाश्या कधीच नाहीशा झाल्या होत्या. तरी फुलोऱ्यात त्यांच्यासाठी पाणी ठेवायची सासूबाईंची रीत द्वारकाबाईंनी सोडली नव्हती.

"इतक्या वर्षांत कोण आलंय प्यायला?"

"तू येतोस की भांडायला," म्हणत त्यांनी पाणी जमिनीवर ओतलं.

थोड्या वेळाने त्या ओल्या मातीवर एक मधमाशी येऊन बसली. तिच्या पाठीवर कंपनीचा निळा ठिपका नव्हता.

मिहीर वाकला. "ही कुठल्या कंपनीची?"

माशी पाणी प्यायली आणि वेलचीच्या बुंध्याशी, जमिनीलगत उमललेल्या फुलाकडे गेली. फुलाजवळ दुसरं काही उडताना दिसलं, की यंत्रं त्याला धडका देऊन पाडत.

"अरे, मारतील ती तिला!" द्वारकाबाई ओरडल्या.

मिहीरने फोन काढून बागेतली सगळी यंत्रं बंद केली. ती होती तिथेच पानांवर, मातीवर टपटप पडली.

वेलचीचं फूल एकच दिवस टिकतं. आज उमललेली बाकीची फुलं संध्याकाळी फुकट गळणार होती. ती दोघं ओल्या मातीत पालथी पडून त्या एका फुलाकडे बघत राहिली.