गुडघ्यांच्या गोळ्या

सुदामच्या कोंबड्यांच्या शेडमधली सगळी पिल्लं तुरुतुरु पळत होती, एक पिल्लू तेवढं पाय फाकून बसलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी ते उचलून पाहिलं.

“याला वेगळं काही घालता का?”

सुदामच्या आईनं कनवटीची पुडी काढली. तिच्या गुडघ्यांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या, कुटलेल्या. “लहानखुरं दिसलं म्हणून घातल्या.”

“आजी, कॅल्शियम अती झालं की फॉस्फरस अंगी लागत नाही. पाय वाकतात. असला पक्षी व्यापारी घेत नाही.”

खरंच, गाडी भरताना व्यापाऱ्यानं तेवढा एक मागं ठेवला. आता तो आईच्या खाटेखाली राहतो आणि तिच्या बशीतला चहा पितो.

नवी पिल्लं आली, तशी आईनं सुदामला हाक मारली.

“गुडघे फार दुखतात रे. या खेपेला गोळ्यांचं पोतंच आण.”