तानुबाईंचं डबडं

“कोणत्या शहाण्याने मशीनच्या पोटात कुंकू ओतलंय?” हनीफभाई ओरडले.

दत्तूने दोन्ही हात वर केले. “मी नाय हां! दसऱ्याला मी झाकणावर फक्त एक बोट लावतो.”

हनीफभाईंनी कापसाचा बोळा त्याच्या नाकासमोर धरला. लालभडक. “निगेटिव्हचे रंग मशीन उलटे करतं. पट्टा निळा-हिरवा येतोय म्हणजे आत लाल काहीतरी आहे, हे मला बघताच कळलं. वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलं असेल. तू दुकान हलवलंस आणि सगळं आतल्या आरशावर आलं.”

हा फिल्म स्कॅनर वीस वर्षांचा. त्याला हात लावणारे नाशिकमध्ये एकटे हनीफभाई, आणि तेही स्क्रूगणिक एक शिवी हासडत. दुकान पंचवटीतून इंदिरानगरला आणल्यापासून प्रत्येक स्कॅनवर बोटभर रुंद पट्टा उमटत होता. गिऱ्हाइकांना दत्तू बिनदिक्कत सांगायचा, “तुमची फिल्मच खराब.” मग वडिलांच्या ट्रंकेत एक जुना रोल सापडला. त्यात आईचा, तानुबाईंचा, फोटो होता. एकच. कॅमेरा दिसला की तानुबाई पदर ओढून आत पळायच्या, त्यामुळे घरात त्यांचा दुसरा फोटोच नव्हता, आणि गुरुवारी वर्षश्राद्ध. पट्टा नेमका आईच्या तोंडावर उमटला आणि दत्तूने स्कॅन तिथेच थांबवलं. तेव्हा मात्र मशीन खराब निघालं.

खरं तर तानुबाईंनी या मशीनला मरेपर्यंत डबडं म्हटलं. दिंडोरीची द्राक्षबाग भावाच्या गळ्यात मारून दत्तूने ते घेतलं, त्या दिवसापासून. “डबड्यापायी पोरगं वाया गेलं,” हे त्या आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवायच्या. शेवटच्या आजारपणात डॉक्टरलाही ऐकवलं. दत्तूला ते अजून लागतं.

“झालं. लाव तुझी फिल्म.” हनीफभाईंनी बोळा डब्यात भिरकावला. “आणि देवाला सांग, बाहेरूनच आशीर्वाद दे.”

मशीन कुरकुरलं. स्क्रीनवर फोटो वरून खाली उतरू लागला. आईचे केस. कपाळ. गाल. पट्टा नाही! दत्तूचा जीव भांड्यात पडला. मग खांदा आला, हात आला, आणि हाताखाली हेच मशीन आलं, कोरं करकरीत, झेंडूची माळ घातलेलं. दुकानाच्या उद्घाटनाचा दसरा. दत्तू पेढे आणायला गेला होता, तेवढ्यात वडिलांनी गुपचूप फोटो काढला असणार.

आईचे डोळे मिटलेले होते. ओठ काहीतरी पुटपुटत होते. आणि मूठभर कुंकू ती मशीनच्या फटीतून आत सोडत होती.

 हनीफभाईंनी वळून पाहिलं, तर दत्तू कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

“हनीफभाई,” तो डबा चाळत म्हणाला, “तो बोळा कुठे टाकलात?”