मोज्याची मांजर

सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. त्या दुपारी मी मुक्तासाठी जुन्या मोज्याची मांजर शिवली, डोळ्यांना शर्टाची बटणं लावली. ती हातात घालून मुक्ता गॅलरीत गेली. बिबवेवाडीतलं आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे.

"मनीबाई, जेवलीस का?"

"माझा उपास आहे गं, बाळा."

हुबेहूब माझा आवाज. लेक नक्कल छान करते, म्हणून मला हसू आलं.

"स्टुलावर चढ ना, खालची माऊ दिसेल."

मी धावले. मुक्ताचे दोन्ही गाल पोळीने भरलेले होते आणि ती स्टुलावर चढत होती.

महादेवा, क्षमा कर, असं मनात म्हणत मी मौन मोडलं, हाक मारली.

ओठ माझे हलले. आवाज मांजरीकडून आला.

"आता कठड्यावर चढ गं. आई आहे ना."