वाटणीचं पाणी

"मुतखडा आहे," सोनोग्राफीचा रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले. "दिवसाला पाणी किती पिता?"

रमाकांतराव बायकोकडे, शरयूकडे बघू लागले.

शरयूचं डायलिसिस सुरू झाल्यापासून तिला दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून मिळे. त्याच आठवड्यात रमाकांतरावांनी घरातला माठ माळ्यावर टाकला होता. जेवताना त्यांच्या ताटाशेजारी भांडंही नसे. ते आपल्यापासून लपून पाणी पितात, आपण आता नुसत्या कीव करण्यापुरत्या उरलो, असं धरून ती गेले कित्येक महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

ते लपून पीत नव्हते. जवळजवळ पीतच नव्हते.

"अहो, वेड लागलंय का?" रिक्षात तिने विचारलं.

"तुझी बाटली दिसली की घशाखाली उतरत नाही."

घरी आल्यावर तिने माठ खाली काढायला लावला. धुऊन, भरून नेहमीच्या जागी ठेवला आणि तांब्याभांडं घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"एवढं सगळं? मी काय उंट आहे?"

"उंट असता तर खडा झाला नसता. प्या मुकाट्याने."

त्यांनी भांडं उचललं आणि संकोचून भिंतीकडे वळले.

"इकडे तोंड करून प्या," ती म्हणाली. "मला बघू द्या."

ते प्यायले. तिने आपल्या बाटलीतला एक घोट घेतला, तो बराच वेळ तोंडात घोळवला, आणि त्यांचं भांडं पुन्हा भरलं.