न्यायला यावे

"काका, कुठं उलटं झालंय ते सापडलं का?" टीमच्या प्रमुख बाईंनी दारातूनच विचारलं.

"सापडलं," तो म्हणाला. "माझ्याच हातनं झालंय."

वयानं सगळ्यांत मोठा, म्हणून बाईंसकट सगळं ऑफिस त्याला काका म्हणायचं. एका इस्पितळाचे निरोप त्यांच्या प्रोग्रॅममधून जात. त्यातल्या निरोप पाठवणाऱ्या तुकड्याला, म्हणजे मेथडला, कंसात दोन नावं द्यायची, आधी रुग्णाचं, मग नातेवाइकाचं. मेथडच्या लेखी दोन्ही सारखीच, नुसती अक्षरं. बायको गेल्यावर तो कामावर परतला, त्या दिवशी एका ओळीत त्याच्याकडून ती नावं उलटी पडली. लिहिलेलं तपासून घेणाऱ्या कंपायलरनंही हूं की चूं केलं नाही. आज सकाळी ऑपरेशनसाठी पडून असलेल्या एका म्हाताऱ्याच्या फोनवर त्याच्या मुलाचं नाव घालून निरोप गेला, यांना ऑपरेशनला घेत आहोत, ताबडतोब यावे. मुलगा बाहेर बाकड्यावर धडधाकट बसलेला. म्हातारा नर्सला न जुमानता खाटेवरून उतरला आणि चपला शोधायला लागला.

हे ऐकून त्याला काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. हल्ली कशानंच काही होत नव्हतं. तिला पोचवून आला तेव्हाही रडू फुटलं नव्हतं, आणि आलेली माणसं त्याच्या तोंडाकडे बघत ताटकळली होती.

"संध्याकाळच्या आत दुरुस्त करा म्हणतायत, नाहीतर आपली सिस्टिम बंद करतील," बाई म्हणाल्या. "होईल ना?"

"होईल."

दोन नावं सरळ केली की भागलं असतं. पण उद्या दुसऱ्या कोणाच्या हातून पुन्हा तेच. म्हणून त्यानं रुग्ण आणि नातेवाईक असे दोन वेगळे क्लास, म्हणजे दोन वेगळ्या जाती, केल्या आणि मेथडला बजावलं, यापुढं नुसतं नाव आलं तर घ्यायचं नाही. सगळा प्रोग्रॅम नव्यानं बांधून बघायला बिल्ड मारला. स्क्रीन खालपर्यंत लाल झाली. इथं रुग्ण हवा, मजकूर मिळाला. इथं नातेवाईक हवा, मजकूर मिळाला. जिथून जिथून म्हणून ती मेथड बोलावली होती, तिथून बोंब सुरू.

बरं वाटलं म्हणणं जास्त होईल. पण कोणीतरी चुकीवर बोट ठेवून सांगत होतं. घरी बहीण फोन करून फक्त जेवलास का विचारायची.

तो एकेक ओळ घेत गेला. खाटेवर कोण, उशाशी स्टुलावर कोण, एवढं ठरवायचं, लिहायचं, पुढं जायचं. चहा आला आणि साय धरून तसाच राहिला. डबा उघडायचाही राहून गेला.

उन्हं भिंतीवरून उतरली तेव्हा एकच एरर उरला होता. बाई येऊन मागं उभ्या राहिल्या.

"ही तर जुनी टेस्ट आहे काका. कोण बघतंय? उडवून टाका."

"असू दे," तो म्हणाला.

मेथड नीट चालते का बघायला लिहिलेल्या त्या टेस्टमध्ये नावं लुटुपुटीची होती, पहिलं महाराज, दुसरं सरकार. घरी बायको त्याला महाराज म्हणायची आणि तो तिला सरकार. ही टेस्ट त्यानं घरी बसून लिहिली होती आणि गमतीनं रुग्णाच्या जागी तिला घातलं होतं. पाठीमागून डोकावत ती म्हणाली होती, "मला कशाला आजारी पाडता? तुम्ही पडा. मी येते न्यायला." मग त्यानं नावांची अदलाबदल केली होती.

पुढं खाटेवर ती पडली आणि स्टुलावर तो बसला.

त्याची बोटं जराशी थांबली. आता कसंही लिहिलं असतं तरी कंपायलरला चाललं असतं. त्यानं महाराजांना रुग्ण केलं आणि सरकारना नातेवाईक.

बिल्ड झाला. एकही लाल ओळ नाही. टेस्ट चालली आणि स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत निरोप उमटला.

सरकार, आपले रुग्ण महाराज यांना आज घरी सोडत आहोत. न्यायला यावे.

"सुटलं सगळं?" बाईंनी विचारलं.

"सुटलं."

"मग निघा तुम्ही. इस्पितळाला मी कळवते. आणि काका, जेवा काहीतरी." बाई फोन लावत बाहेर गेल्या.

त्यानं न उघडलेला डबा पिशवीत घातला. पिशवी मांडीवर घेतली. मग खुर्ची दाराकडे वळवली आणि बसून राहिला.