पोर्तुगीज कवीची कविता

व्होडकाच्या ग्लासावर ठेवलेल्या काळ्या पावाची एकच कड, खिडकीकडची, सुकून नखभर वर आली होती. रशियन रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाच्या वाट्याचा तो ग्लास झोयाच्या रिकाम्या खुर्चीसमोर होता. शेजारी तमारा बसली होती, जुनी मैत्रीण म्हणून.

झोयाचा थोरला भाऊ ग्लेब उभा राहिला. "दवाखान्यात ती एकच कविता म्हणत राहायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झाली. कुण्या पोर्तुगीज कवीची म्हणे. तमारा लवोव्ना, अनुवाद तुमचाच ना?"

तमाराने मान डोलावली.

असा कवी कधी जन्मलाच नव्हता. बाईने बाईसाठी लिहिलेल्या प्रेमकविता संपादक परत पाठवत, म्हणून तमाराने तो रचला होता आणि स्वतःच्या कविता त्याचे अनुवाद म्हणून छापल्या होत्या. "तुझा पोर्तुगीज माझ्यावर फारच भाळलाय गं," झोया हसायची. मग हळूच विचारायची, "पण कवी म्हणून तुझं नाव कधी घालणार?"

"पुढच्या पुस्तकात," तमारा दर वेळी म्हणायची. खरं सांगितलं, तर पोटापुरतं अनुवादाचं कामही गेलं असतं.

ग्लेबने कविता म्हटली. शेवटच्या ओळीला तो अडखळला. "सगळा जन्म एकटीने काढला हो माझ्या बहिणीने," तो डोळे पुसत म्हणाला. "असं प्रेम करणारं एक तरी माणूस तिला मिळायला हवं होतं."

झोया ज्या मासिकाची मुद्रितं तपासायची, त्याचे संपादक समोरच बसले होते. तमारा उठली.

"मिळालं होतं," ती म्हणाली. "हा अनुवाद नाही, ग्लेब पेत्रोविच. ही कविता माझी आहे. मी झोयासाठी लिहिली."