लाखेतला ट्रान्झिस्टर

"जरा गुणगुणणं थांबव गं, मला ऐकू येत नाहीये," सावळीराम म्हणाला, तशी लंकाबाई भाकरी थापता थापता गप्प झाली.

"काय ऐकताय एवढं?"

"सेट."

सेट म्हणजे त्याने स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर. संध्याकाळी सहाला विहारात बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम होता आणि महिला गायन मंडळाच्या लाऊडस्पीकरचं काम तीस वर्षांत पहिल्यांदाच सावळीरामकडे आलं होतं. आजवर ते बारकूचं. बारकू दुकान मोडून मुलाकडे कळवणला गेला, म्हणून हा योग आला. पण बारकूच्या सेटवर गाणं असं काही गोड यायचं की लोक जेवणं सोडून येऊन बसायचे. आज तो गोडवा आला नाही, तर सावळीरामची सगळ्या वस्तीत नाचक्की होणार होती.

त्या गोडव्याचं मूळ कुठे आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. बारकूच्या सेटमध्ये लाखेत बुडवलेला एक ठोकळा असायचा. आपली युक्ती कुणी उचलू नये म्हणून या धंद्यातली माणसं पार्टवरचा नंबर ब्लेडने खरवडून टाकतात. बारकूने त्यावर लाखही ओतली होती. महाबेरकी माणूस!

गेल्या महिन्यात भद्रकालीतल्या एका भंगारवाल्याकडे त्याला बारकूचा जुना सेट दिसला. तांब्याच्या तारा ओढून काढलेल्या, ठोकळा तेवढा सुटा पडलेला. सावळीरामने तो खिशात न टाकता मुठीत धरून घरी आणला.

आज त्याने लाख हलक्या हाताने वितळवली. आतून करंगळीच्या नखाएवढी, तीन पायांची पत्र्याची डबी निघाली. नंबर अर्थातच खरवडलेला. त्याने मीटर लावला आणि डबी चिमटीत धरली. बोटांच्या उबेने काटा हळूहळू सरकू लागला.

"जर्मेनियम!" तो ओरडला. "नुसत्या उबेनं काटा हलतोय! जुन्या रेडिओतला ट्रान्झिस्टर! आता असा माल मिळत नाही."

"बरं. जेवून घ्या."

जेवतोय कोण? माईकची तार सेटमध्ये जिथे शिरते, तिथलाच ट्रान्झिस्टर काढून त्याने हा बसवायला घेतला. चार वाजता लंकाबाई पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"मी पुढं होते. सगळ्याजणींना एकसारख्या साड्या नेसायच्यात. येताय ना ऐकायला?"

"ऐकायलाच तर येतोय," तो मान वर न करता म्हणाला.

सहाला विहारापुढच्या खुर्च्या भरल्या. दरवर्षी बारकूच्या सेटला लावायचा, तसाच सावळीराम आज आपल्या सेटला कान लावून बसला. स्टेजवर कोण आहे याच्याशी त्याला कधीच देणंघेणं नसायचं.

पहिलं गाणं सुरू झालं. दुसऱ्याच ओळीला त्याच्या अंगावर काटा आला. तोच गोडवा! बारकूचाच! डोळ्यांत पाणी आलं ते त्याने शर्टाच्या बाहीला पुसलं.

शेजारच्या खुर्चीतला झुंबर म्हणाला, "सावळीराम, बारकूची आठवण आली बघ."

झालं. आता कशाला दम निघतोय! त्याने फोन लावला आणि तो आधी स्पीकरपुढे धरला.

"ऐकलंस बारकू? सापडला तुझा जर्मेनियम! लाख काढली मी."

पलीकडे बारकू ठसका लागेपर्यंत हसला.

"अरे येड्या, तो कशालाच जोडलेला नव्हता. तू डोकं खाजवत बसावंस म्हणून लावून ठेवला व्हता."

"थापा मारू नको. मग आत्ता इतकं गोड कसं वाजतंय?"

"माझ्या सेटवर तीस वर्षं हाच गळा गात व्हता, सावळ्या. मान वर करून बघ की कवातरी."

सावळीरामने मान वर केली. माईकपुढे लंकाबाई उभी होती.